घरची माणसे आणि जर्मन भाषा

(आष्टी, जिल्हा बीड, येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आष्टी तालुक्याला स्थलांतराचे नावीन्य नाही. पावसाळा सरला, दसरा-दिवाळी जवळ आली की येथील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात त्यांचे सहा महिने जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', अशी या व्यवसायाची मोजणी आहे. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' फिटेपर्यंत कोयत्याला हंगाम सोडता येत नाही. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आजीने सांभाळलेली मुले या तालुक्यात घरोघरी आढळतात. अशा मुलांच्या शिक्षणासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली आणि २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना हाती घेतली, हे येथील शिक्षकांना ठाऊक आहेच.

आता याच तालुक्यातील सुशिक्षित तरुणांपुढे स्थलांतराचा आणखी एक मार्ग आला आहे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार झाला. पहिल्या टप्प्यासाठी दहा हजारांचे उद्दिष्ट सांगण्यात आले. परिचारिका, प्रयोगशाळा साहाय्यक, वीजतंत्री, नळ-जोडारी, सुतार, रंगारी, वाहनचालक, उपाहारगृहातील सेवक अशा अनेक व्यवसायांचा त्यात उल्लेख होता. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट होय. मुंबई आणि स्टुटगार्ट यांच्यातील भगिनी-शहरांचे नाते १९६८ पासूनचे आहे. तेव्हा ही ओळख अगदीच नवी नव्हे. आष्टीलाही बाहेरचे जग आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि २०२५ मध्ये रेल्वे बीडपर्यंत पोहोचली.

जर्मनीला जाण्याच्या वाटेवरचा सर्वांत मोठा अडसर भाषेचा आहे. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. परिचारिकेच्या पदवीला तेथे पूर्ण मान्यता मिळावयाची असेल तर साधारणपणे बी-२ ही चौथी पायरी गाठावी लागते. परंतु आजचा विषय परीक्षेचा नाही. पहिल्याच पायरीवर विद्यार्थ्यापुढे जो धडा येतो, त्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. तो धडा म्हणजे 'माझे कुटुंब'. हा धडा सोपा म्हणून लवकर उरकला जातो. वास्तविक परदेशी गेलेल्या माणसाचे सुखदुःख पुष्कळ अंशी याच धड्यातील शब्दांवर अवलंबून असते.

मराठी भाषकाने या भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणाऱ्याला ती अवघड वाटते. मराठीच्या वाटेने जाणाऱ्याला तिच्यात ओळखीच्या खुणा दिसतात. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. तो, ती, ते याप्रमाणे तेथे 'डेअर', 'डी', 'डास' आहेत. मराठीत 'ते मूल', 'ते लेकरू' असे आपण नपुंसकलिंगात म्हणतो. जर्मनमध्येही मूल म्हणजे 'डास किंट', नपुंसकलिंगीच. माझा, माझी, माझे हे रूप ज्याप्रमाणे पुढच्या नामाप्रमाणे बदलते, त्याप्रमाणे 'माइन फाटर' म्हणजे माझा बाप आणि 'माइने मुटर' म्हणजे माझी आई. आईवडिलांचे वय सांगतानाही हाच अनुभव येतो. पंचवीस या शब्दात पाच आधी आणि वीस नंतर. जर्मनमध्येही 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजीची सवय झालेला विद्यार्थी येथे अडखळतो, मराठी अंक पाठ असलेला अडखळत नाही.

याहून महत्त्वाचे साम्य चतुर्थीचे आहे. 'मला आवडते', 'मला थंडी वाजते', 'मला महत्त्वाचे वाटते' अशी वाक्ये आपण करतो. वाक्यातील अनुभव घेणारा माणूस कर्ता नसतो. त्याला काहीतरी वाटते, होते, आवडते. जर्मन भाषेत 'मीर' म्हणजे मला. 'माइने फामिलिए इस्ट मीर विश्टिश', म्हणजे माझे कुटुंब मला महत्त्वाचे आहे. येथील 'श' हा उच्चार श आणि ह यांच्या मधला, जिभेचा मधला भाग टाळूजवळ नेऊन केलेला असतो. तो ऐकूनच साधावा. कारण सांगताना क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते, तेही मराठीसारखेच. 'वाइल माइने मुटर क्रांक इस्ट', म्हणजे कारण माझी आई आजारी आहे. 'आहे' जसे शेवटी, तसे 'इस्ट' शेवटी.

आदरार्थी बोलण्याचा प्रश्नही परका नाही. 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे आपण. 'झी' बरोबर क्रियापद अनेकवचनी येते, जसे आपण 'वडील आले' असे म्हणतो. फरक एवढाच की जर्मन मुलगा वडिलांनाही 'डू' म्हणतो, आजोबांनाही 'डू' म्हणतो. त्यात अनादर नाही. उलट दवाखान्यातील अनोळखी वृद्धाला परिचारिकेने मायेने का होईना 'डू' म्हटले, तर तो अनादर ठरेल. आपल्याकडे म्हाताऱ्या रुग्णाला 'आजी', 'बाबा' अशी हाक मारली की त्याला बरे वाटते. तेथे आजीला 'ओमा' आणि आजोबांना 'ओपा' म्हणतात. परंतु परक्या वृद्धेला 'ओमा' म्हटलेले चालत नाही. तिला 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती, असे म्हणून आडनावानेच संबोधावे लागते.

आता नात्यांच्या शब्दांकडे वळू. वर्गात हा धडा सुरू झाला की एखादी मुलगी विचारते, "सर, आत्याला काय म्हणायचं?" उत्तर मिळते, 'टांटे'. "आणि मावशीला?" तेही 'टांटे'. काकू टांटे, मामी टांटे. काका 'ओंकेल', मामाही 'ओंकेल'. दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा या सर्वांना मिळून 'श्वागर'. नणंद, मेहुणी, वहिनी यांना 'श्वेगरिन'. व्याही, विहीण, साडू, जाऊ यांच्यासाठी रोजच्या बोलण्यात आपल्यासारखे सुटसुटीत शब्द नाहीत. मुलांना प्रथम हसू येते आणि मग, ही भाषा गरीब आहे, असा त्यांचा ग्रह होतो.

हा ग्रह दूर करण्यास इतिहासाची मदत होते. जुन्या जर्मन भाषेत चार नाती चार शब्दांनी वेगळी दाखविली जात. बापाचा भाऊ तो 'फेटर', आईचा भाऊ तो 'ओहाइम', बापाची बहीण ती 'बाझे' आणि आईची बहीण ती 'मूमे'. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी हे चारही त्या घरात होते. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंच भाषेचे वळण प्रतिष्ठेचे ठरले. ओंकेल आणि टांटे हे शब्द तिकडून आले आणि जुने शब्द मागे पडले. 'फेटर' आज चुलत-मामेभावासाठी वापरतात. भाषेतून शब्द गेला तो केवळ फॅशनमुळे नव्हे. वारसा, जमीन, लग्नसंबंध यांत मामाचे आणि काकाचे स्थान वेगळे असण्याची गरज जेथे उरत नाही, तेथे दोन शब्दांची गरजही हळूहळू उरत नाही.

नात्यांचे शब्द आणि समाजाची घडण यांचा हा संबंध ज्यांनी भारतात सखोलपणे अभ्यासला, त्या डॉ. इरावती कर्वे यांचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या, तेथील विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केले. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. जर्मन भाषेत शिकून आलेल्या या विदुषीने काका-मामा-आत्या-मावशी या शब्दांतून सबंध देशाच्या कुटुंबरचनेचा नकाशा मांडला. त्यांच्याही आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून पत्र लिहिले होते, ते जर्मन भाषेत. आणि १९२२ मध्ये त्यांचे नाव तेथे नोंदले गेले. परकी भाषा शिकणे म्हणजे आपले सोडणे नव्हे, हे सांगण्यासाठी एवढी दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

शब्द नाही म्हणून अर्थ सांगता येत नाही, असे मात्र नाही. मामा सांगावयाचा असेल तर 'डेअर ब्रूडर माइनर मुटर', म्हणजे माझ्या आईचा भाऊ, असे म्हणता येते. ज्या मुलीला मामाने शिकविले, तिने केवळ 'ओंकेल' म्हणून थांबू नये. तसेच ज्या मुलाचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला गेले, त्याने एक वाक्य अवश्य शिकावे : 'माइने ग्रोसमुटर हाट मिश ग्रोसगेत्सोगेन', म्हणजे माझ्या आजीने मला वाढविले. उद्या गावाकडून आजी आजारी असल्याचा निरोप आला आणि रजा मागण्याची वेळ आली, तर या वाक्याचे मोल कळेल. जर्मनीत निकटच्या नातेवाइकाच्या मृत्यूसारख्या प्रसंगी विशेष रजा देण्याची पद्धत आहे. परंतु 'निकटचा' याचा अर्थ तेथे बहुधा पतिपत्नी, मुले आणि आईवडील एवढाच धरला जातो. मामा, काका, आत्या यांचा त्यात सहसा समावेश नसतो. आपले नाते शब्दाने कळत नसेल, तर ते वाक्याने समजावून द्यावे लागते.

असाच एक घोटाळा 'कुटुंब' या शब्दाचा होतो. मुलाखतीत प्रश्न येतो, 'हाबेन झी फामिलिए?' शब्दशः अर्थ, आपल्याला कुटुंब आहे का? आष्टीचा तरुण उत्साहाने सांगू लागतो : आई, वडील, दोन भाऊ, एक बहीण, आजी. विचारणाऱ्याचा रोख मात्र वेगळा असतो. आपले लग्न झाले आहे का, मुले आहेत का, एवढेच त्याला हवे असते. अशा वेळी उत्तर द्यावे : 'इश बिन लेडिश, आबर इश उंटरश्ट्युत्से माइने एल्टर्न', म्हणजे मी अविवाहित आहे, परंतु आईवडिलांना आधार देतो. या एका वाक्यात प्रश्नाचे उत्तरही आले आणि आपली जबाबदारीही सांगून झाली.

येथूनच प्राधान्याच्या गोष्टीला आरंभ होतो. आपल्याला जीवनात काय अधिक महत्त्वाचे वाटते, हे आपल्याकडे सहसा शब्दांत सांगण्याचा प्रघात नाही. ते वागण्यातून कळते. एखाद्याने जादा कामाचे विचारले तर "बघू, घरी विचारून सांगतो" असे आपण म्हणतो आणि ऐकणारा त्यातून नकार समजतो. जर्मन ऐकणाऱ्याला यातून काहीच समजत नाही. तो उत्तराची वाट पाहतो आणि ते आले नाही की हा माणूस विश्वासाचा नाही, असे मानतो. त्यापेक्षा सरळ म्हणावे : 'इश मुस डास त्सुएर्स्ट मिट माइनर फामिलिए बेश्प्रेशेन', म्हणजे हे मला प्रथम घरच्यांशी बोलावे लागेल. आणि लगेच पुढे : 'इश गेबे ईनेन बिस फ्रायटाग बेशाइट', म्हणजे शुक्रवारपर्यंत मी आपल्याला कळवितो. घरी विचारण्यात कमीपणा नाही. परंतु दिवस सांगितला पाहिजे आणि तो पाळला पाहिजे.

आणखी दोन वाक्ये तोंडी असावीत. 'माइने फामिलिए श्टेट फ्यूर मिश आन एर्स्टर श्टेले', म्हणजे माझे कुटुंब माझ्या दृष्टीने पहिल्या स्थानी आहे. आणि 'इश क्युमरे मिश उम माइने एल्टर्न', म्हणजे आईवडिलांची काळजी मी वाहतो. जर्मन माणसाला ही वाक्ये भावुक वाटत नाहीत. तेथे कामाच्या वेळी काम आणि काम संपले की घर, अशी विभागणी मान्य आहे. दिवसाचे काम संपल्यानंतरच्या त्या वेळेला 'फायराबेंट' असा खास शब्दच आहे. मूल झाल्यावर आई किंवा वडील यांना घेता येणाऱ्या रजेला 'एल्टर्नत्साइट' म्हणतात आणि ती प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत मिळू शकते. कुटुंबाची बाजू मांडण्यास तेथे वाव आहे; ती शब्दांत मांडली मात्र पाहिजे.

गावातून निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या घरात मात्र एक प्रश्न उंबऱ्याशी उभा असतो : मागे म्हाताऱ्यांचे कोण पाहणार? जर्मनीला परिचारिका हव्या आहेत त्या बहुतांशी तेथील वृद्धांच्या सेवेसाठी. म्हणजे आष्टीची लेक तिकडच्या आईबापांची सेवा करील आणि तिचे स्वतःचे आईबाप, ज्यांनी कोयत्यावर राबून तिला शिकविले, ते येथे एकटे राहतील. या विसंगतीवर भाषणातून तोडगा निघणार नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी घरात नेमके काय विचारावयाचे, हे तरी ठरविता येते. कुटुंबाला मागाहून नेण्यास जर्मन भाषेत 'फामिलिएननाखत्सुग' म्हणतात. पत्नी, पती व अल्पवयीन मुले यांच्यासाठी ही सोय आहे आणि तिला अटी आहेत. आईवडिलांना नेण्याची सोय पूर्वी जवळपास नव्हतीच. आता ज्या कुशल कामगारांना विशिष्ट प्रकारचा वास्तव्य परवाना १ मार्च २०२४ रोजी वा त्यानंतर प्रथम मिळाला आहे, त्यांना आईवडिलांसाठीही अर्ज करता येतो. मात्र त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची व्यवस्था स्वतः करावी लागते. ही तरतूद मुदतीची आहे. शिकाऊ म्हणून जाणाऱ्याला ती लागू नाही. म्हणून कोणत्या परवान्यावर जावयाचे हा घरातल्या सर्वांचा प्रश्न आहे. त्यासाठीचे वाक्य लहान आहे : 'कान माइने फामिलिए नाखकोमेन?', म्हणजे माझे कुटुंब मागाहून येऊ शकेल का?

दुसरा प्रश्न पैशाचा. 'उचल' म्हणजे काय हे आष्टी तालुक्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. जर्मन भाषेत उचलीला 'फोरशुस' म्हणतात आणि परतफेडीला 'र्‍युकत्सालुंग'. काही करारांत असे कलम असते की भाषाशिक्षण, प्रवास वगैरे खर्च मालकाने केला असून ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल. असे कलम दिसले की मुकादमाची वही आठवावी आणि दोन प्रश्न विचारावेत. 'वेअर त्साल्ट डास?', म्हणजे हे पैसे कोण देणार? आणि 'मुस इश डास त्सुर्‍युकत्सालेन?', म्हणजे हे मला परत करावे लागतील का? परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या मध्यस्थाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली असावी लागते. शुश्रूषा क्षेत्रातील न्याय्य भरतीसाठी जर्मन शासनाची स्वतंत्र गुणमुद्राही आहे. तीमागचे तत्त्व असे की भरतीचा खर्च मालकाने सोसावा, परिचारिकेने नव्हे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी एवढी माहिती फलकावर लावली तरी एखाद्या घराची जमीन गहाण पडण्यापासून वाचेल.

शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. कुटुंबाचा धडा शिकविताना पुस्तकातील चौकोनी कुटुंबापाशी थांबू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम आपल्या घरातील माणसांविषयी दहा वाक्ये मराठीत लिहावीत : कोण कोठे असते, कोण काय करते, कोणी कोणाला वाढविले, कोणाची काळजी कोण घेते. मग तीच वाक्ये जर्मनमध्ये आणावीत. नवऱ्याचे नाव घेण्यास संकोचणाऱ्या विवाहितेनेही 'माइन मान हाइस्ट', म्हणजे माझ्या नवऱ्याचे नाव, असे म्हणून पुढे नाव सांगण्याचा सराव वर्गातच करावा. मुलाखतीत तो संकोच अज्ञान समजला जातो. मॅक्सम्युलर भवनाची केंद्रे मुंबई-पुण्याला आहेत, आष्टीला नाहीत. परंतु जर्मनीच्या डॉयचे वेले या संस्थेचा 'निकोस वेग' हा चित्रफितींचा अभ्यासक्रम बी-१ पायरीपर्यंत विनामूल्य उपलब्ध आहे. त्याची कथाही परक्या देशात आपल्या मावशी-आत्याला, म्हणजे 'टांटे'ला, शोधत आलेल्या एका तरुणाची आहे. स्टुटगार्टकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. पुस्तकात 'गुटेन टाग' असले तरी त्या बाजूला नमस्कारासाठी 'ग्र्युस गॉट' कानी पडेल आणि बोली निराळी वाटेल. मराठवाड्याची बोली बोलणाऱ्याला पुण्यात जो अनुभव येतो, तसाच हा समजावा.

मित्रहो, ऊसतोडीला जाणाऱ्या पिढीला करार वाचता आला नाही, कारण तो बहुधा लिहिलेलाच नव्हता. पुढच्या पिढीच्या हाती लिहिलेला करार येणार आहे, पण परक्या भाषेत. तो वाचता येणे, आपल्या घरात कोण आहे हे सांगता येणे आणि आपल्याला काय महत्त्वाचे आहे हे न लाजता बोलता येणे, एवढी शिदोरी बरोबर दिली तर गावाने आपले काम केले असे म्हणता येईल. जो जाणार नाही, त्याचेही या अभ्यासाने नुकसान नाही. आपल्या घरातील माणसांविषयी दहा वाक्ये नीट विचार करून लिहिणे, हे कोणत्याही भाषेत उपयोगाचेच आहे.